फुटपाथवरचा पट : एका लघुमाहितीपटाच्या प्रकल्प नोंदी

9 नोव्हेंबर 2024

माहितीपट साधारण पंधरा मिनिटांचा करायचा. बडोद्यात काळा घोडा चौकाजवळ, कमाटीबागेच्या भिंतीलगत संध्याकाळी बुद्धिबळाचा पट मांडून बसणाऱ्या नेपाळी गृहस्थांवर. फुटपाथवर त्यांना बहुतेक जण 'बहादुर' म्हणून हाक मारतात. ते त्यांचं नाव नाही. मी त्यांना दाजू म्हणते, म्हणजे मोठा भाऊ; ते मला बैनी, म्हणजे धाकटी बहीण. त्यांचं नाव आणि गाव या वहीतही येणार नाही आणि पडद्यावरही.

कॅमेरा आणि संकलन माझ्याकडे. आवाज कॉलेजपासूनच्या मित्राकडे, जो एरवी लग्नाच्या शूटिंगला माझ्याबरोबर असतो. भाची शालेय बुद्धिबळ स्पर्धा खेळते. ती प्रत्येक डावाच्या खेळ्या लिहून घेणार.

निवेदन नाही, पार्श्वसंगीत नाही. रस्त्याचा आवाज, सोंगट्यांचा आवाज आणि माणसं बोलतील तेवढंच. एक संपूर्ण डाव बघणाऱ्याला पहिल्या खेळीपासून शेवटपर्यंत समजला पाहिजे. ही माझी मुख्य अट. बुद्धिबळ दाखवणाऱ्या बहुतेक दृश्यांत कॅमेरा चेहऱ्यांवर असतो आणि पट शोभेला. इथे माणूस पटावरूनच कळायला हवा.

12 नोव्हेंबर

संमतीपत्र हिंदीत लिहून नेलं. नेपाळीची लिपीही देवनागरीच, त्यामुळे दाजूंनी ते मोठ्याने वाचलं, दोन ठिकाणी थांबून अर्थ विचारला, मग सही केली. चेहरा दाखवायला हरकत नाही. गावाचं नाव मात्र नको. घरी अजून सगळे समजतात की ते सोसायटीत चौकीदार आहेत.

पैशांचं आधी ठरवलं. शूटिंगच्या वेळेची मजुरी द्यायची, कारण पहाटे खंडेराव मार्केटला फुलांची पोती उतरवण्याचं त्यांचं काम आमच्यामुळे बुडू शकतं. खेळण्याचे पैसे मात्र द्यायचे नाहीत. डाव त्यांचे आहेत, आमच्यासाठी मांडलेले नाहीत.

डावाचा हिशेब सोपा आहे. हरलात तर दहा रुपये द्यायचे, जिंकलात तर चहा दाजूंकडून. मुंबई प्रांताच्या काळापासून चालत आलेल्या जुगारबंदीच्या कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, हे मित्राने वकिलाकडून विचारून घेतलं. पैशांचा शॉट ठेवायचा की नाही, ते दाजूंना विचारून ठरवू.

17 नोव्हेंबर

आजचा दिवस या कामातला सर्वांत मोलाचा.

दांडिया बाजारातले एक काका सकाळी कमाटीबागेत फिरून झाल्यावर दाजूंशी खेळायला येतात. पोस्टातून निवृत्त, वय ऐंशीच्या आसपास. दोघं देशी नियमांनी खेळतात. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर जातं. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं, नाही; त्याऐवजी राजाला शह बसलेला नसेल तर एकदाच घोड्यासारखी उडी घेता येते. प्यादं शेवटच्या घरात पोचलं तर ते ज्या पट्टीत आहे तिथली सोंगटी होतं. घोड्याच्या पट्टीत गेलं तर घोडाच, वजीर नाही. मी हे नियम आजोबांकडून ऐकले होते, खेळताना प्रथमच पाहिले.

मी काकांना विचारलं, दाजूंच्या खेळात वेगळं काय आहे. काका म्हणाले, "अगं, हा मारतच नाही. आपण वाट बघतो, आता वजीर पुढे काढेल, आता हल्ला करेल. हा शांतपणे एकेक घर काढून घेतो. विसाव्या खेळीला लक्षात येतं की आपल्या सोंगट्या सगळ्या आहेत, पण हलवायला जागा नाही."

दाजू ऐकत होते. त्यांनी खडूचा तुकडा घेतला आणि फरशीवर पाच उभ्या, पाच आडव्या रेषा काढल्या, त्यांत तिरक्या रेषा. बाघचाल. चार कोपऱ्यांवर चार वाघ म्हणून बाटल्यांची झाकणं ठेवली आणि वीस खडे हातात घेतले, त्या शेळ्या. एक खेळाडू वाघांचा, दुसरा शेळ्यांचा. शेळ्या एकेक करून पंचवीस बिंदूंपैकी रिकाम्या बिंदूंवर मांडायच्या. विसावी बसेपर्यंत आधी मांडलेली एकही हलवता येत नाही. वाघ मात्र सुरुवातीपासून फिरतो आणि शेजारची शेळी ओलांडून पलीकडच्या रिकाम्या बिंदूवर उडी मारता आली की ती खातो. पाच शेळ्या खाल्ल्या की वाघ जिंकले. शेळ्यांना खाता येत नाही. त्यांना फक्त चारही वाघ असे कोंडायचे असतात की एकालाही हलता येऊ नये.

"लहानपणी मी नेहमी शेळ्याच घ्यायचो," दाजू म्हणाले. "मोठा भाऊ वाघ सोडायचा नाही."

यानंतर त्यांचा बुद्धिबळाचा डाव बघताना सगळं वेगळं दिसलं. ते सोंगट्या मारण्यासाठी खेळत नाहीत. आपली प्यादी एकमेकांच्या आधाराने पुढे नेतात, मधे फट ठेवत नाहीत, कारण फट असली की वाघ उडी मारतो. काकांनी इतकी वर्षं ज्याला 'दडून खेळणं' म्हटलं, ते पश्चिम नेपाळच्या डोंगरात मातीवर शिकलेलं आहे. चित्रपटाचा गाभा हाच. मी घरी येईपर्यंत मनात सगळा क्रम नव्याने मांडत होते.

आणखी एक. दाजू डोटेली-नेपाळी बोलतात, आमच्याशी हिंदी, चहाच्या लारीवाल्याशी गुजराती. पण पटावर 'शह', 'प्यादं', 'घे', 'मागे नाही जायचं' हे अस्सल बडोद्याच्या मराठीत. बुद्धिबळ त्यांना शिकवलं ते ज्या सोसायटीत ते रात्रपाळी करत तिथल्या एका मराठी आजोबांनी. आजोबांना झोप यायची नाही, दाजूंना झोपायची परवानगी नव्हती. जिन्याखालच्या ओटल्यावर पट मांडून दोघं पहाटेपर्यंत बसत. दर तासाला दाजू उठून काठी आपटत, शिट्टी मारत सोसायटीला एक फेरी घालत आणि परत येऊन खेळी करत. नेपाळीत बुद्धिबळाला बुद्धिचाल म्हणतात हे त्यांना माहीत आहे, पण गावाकडे ते कुणाशी खेळलेच नव्हते.

24 नोव्हेंबर

तांत्रिक गोष्टी लिहून ठेवते, पुढच्यांना उपयोगी पडतील.

पट बसल्या जागेवरून चित्रित केला तर मागची रांग दिसत नाही. मान वळवता येणाऱ्या दांडीला मोबाइल लावून तो भिंतीवरून पटाच्या वर आणला. हा शॉट सलग चालू राहणार. मुख्य कॅमेरा जमिनीपासून हातभर उंचीवर, म्हणजे सोंगट्या आणि हात एका पातळीत. उभ्या माणसाच्या उंचीवरून एकही शॉट नाही. फुटपाथवर बसलेल्या माणसाकडे सगळं शहर वरूनच बघतं.

दिवस मावळला की रस्त्यावरचे दिवे. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं तर पट्टे दिसत नाहीत. सेकंदाला 25 फ्रेम.

दाजूंना कॉलर माइक आणि दुसरा माइक थेट पटाखाली, कापडात गुंडाळून. दाजूंचा पट फ्लेक्सचा, सोंगट्या दोन वेगवेगळ्या संचांतल्या, एक हत्ती हरवलाय म्हणून त्या जागी शाईच्या दौतीचं झाकण. झाकण ठेवल्याचा आवाज बाकीच्यांहून निराळा येतो. डोळे मिटून ऐकलं तरी हत्ती हलला हे कळतं. मित्र या शोधावर फार खूश आहे.

पट मांडताना प्रत्येकाच्या उजव्या हाताला पांढरं घर, हे भाची प्रत्येक वेळी तपासते. देशी डावात राजासमोर वजीर येतो, ते चुकून मांडलंय असं आधुनिक खेळ खेळणाऱ्याला वाटेल. देशी नियमांसाठी पडद्यावर एक ओळ द्यावी लागेल. फक्त एक.

1 डिसेंबर

रात्री बराच वेळ वाचन. बेघर स्थलांतरित आणि बुद्धिबळ म्हटलं की जगभरातून ज्या कहाण्या पुढे येतात, त्यांतल्या दोन मला अस्वस्थ करतात.

बांगलादेशातून वडिलांबरोबर फ्रान्समध्ये आलेला फाहिम मोहम्मद. कागदपत्रं नाहीत, राहायला घर नाही, आणि 2012 मध्ये तो बारा वर्षांखालील गटात फ्रान्सचा विजेता झाला. त्यानंतर सरकारने लक्ष घातलं आणि बाप-लेकाला राहण्याचा परवाना मिळाला. दुसरा नायजेरियातून कुटुंबासह पळून न्यूयॉर्कला आलेला तानी अदेवूमी. बेघरांच्या निवाऱ्यात राहत असताना मार्च 2019 मध्ये, आठ वर्षांचा असताना त्याने न्यूयॉर्क राज्याच्या शालेय स्पर्धेत आपल्या गटाचं विजेतेपद मिळवलं. बातमी छापून आली, लोकांनी पैसे जमवले, कुटुंबाला घर मिळालं.

दोन्ही मुलांचं मनापासून कौतुक आहे. पण दोन्ही कहाण्यांत घर चषकाच्या मागोमाग येतं. त्या स्पर्धेत दुसरा आलेला मुलगा बेघर असता तर? माझ्या माहितीपटातला माणूस पन्नाशी उलटलेला आहे. त्याच्याकडे मानांकन नाही, तो कधी स्पर्धेला बसलेला नाही, आणि आठवड्यातून बरेच डाव हरतो. कॉलेजची पोरं मोबाइलवरून ओपनिंग पाठ करून येतात आणि त्याला पंधरा खेळ्यांत गारद करतात. तो अजोड खेळाडू आहे म्हणून त्याच्याकडे बघा, असं मला सांगायचं नाही. छप्पर मिळायला माणूस हुशार असावा लागत नाही.

म्हणून ठरवते : जो एक डाव पूर्ण दाखवायचा, तो दाजू हरलेला असेल.

मित्राला फोन करून सांगितलं. त्याला पटलेलं नाही. तो म्हणतो, लोक शेवटी जिंकणं बघायला थांबतात. त्याचं म्हणणं लिहून ठेवते, कारण ते खरंही असू शकेल. तरी निर्णय हाच.

12 डिसेंबर

आज शूटिंग ठरलं नव्हतं, पण कॅमेरा नेला हे बरं झालं.

सिंगापूरला गुकेश आणि डिंग लिरेन यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा आणि शेवटचा डाव. दोघांचे साडेसहा-साडेसहा गुण. चहाच्या लारीभोवती नेहमीचे सगळे गोळा झालेले, काकासुद्धा मफलर गुंडाळून आले. भाचीने मोबाइल दाजूंच्या हातात दिला आणि कोण वरचढ आहे हे संगणकाच्या हिशेबाने दाखवणारी बाजूची पट्टी बोटाने झाकून धरली. म्हणाली, "आता तुम्ही सांगा, मशीन नाही."

बराच वेळ डाव बरोबरीकडे चाललेला. गुकेशकडे काळ्या सोंगट्या आणि एक प्यादं जास्त. 55व्या खेळीला डिंगने हत्ती मागे घेतला. दाजू मोबाइलवर वाकले. डिंगचा उंट पार कोपऱ्यात होता. दाजूंनी बोटाने हवेत दाखवलं, "हत्ती मारून टाक. मग उंट त्याच्या समोर आणून ठेव. तो जाणार कुठे?" थोड्या वेळात तसंच झालं. हत्ती गेले, उंट गेले, एका प्याद्यासमोर दोन प्यादी उरली, आणि 58व्या खेळीला डिंगने डाव सोडला. अठरा वर्षांचा जगज्जेता. लारीवाल्याने सगळ्यांना फुकट चहा पाजला, काका रडत होते.

दाजूंना तो कोपरा लगेच दिसला याचं मला आश्चर्य वाटलं नाही. कोंडणं हाच त्यांचा खेळ. हे चित्रपटात येणार, पण मोबाइलचा पडदा दाखवायचा नाही; त्या प्रक्षेपणाचे हक्क आपले नाहीत. फक्त दाजूंचा चेहरा, हवेतलं बोट आणि आवाज. ज्यांना तो डाव आठवतो त्यांना कळेल.

15 डिसेंबर

दुपारी कमाटीबाग आणि विश्वामित्री नदीच्या पुलावरून काही शॉट्स. नदीतली मगर दिसली नाही. दिसली असती तरी वापरली नसती.

22 डिसेंबर

थंडी. रात्रीचं शूटिंग, फक्त मी आणि मित्र, छोटा कॅमेरा.

दाजू सयाजीगंजात एका दुकानाचं शटर पडल्यावर त्याच्या ओटल्यावर झोपतात. दुकानदाराला माहीत आहे, तो काही म्हणत नाही. फार गारठा असला की निवाऱ्यात जातात. शहरी बेघरांसाठीच्या राष्ट्रीय योजनेचा निकष एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांना पुरेल असा एक निवारा, चोवीस तास उघडा. दाजूंना पहाटे चारला मार्केटला पोचायचं असतं, आणि ओटला त्या मानाने सोयीचा. 28 फेब्रुवारी 2011च्या रात्री जनगणनेने देशात 17.7 लाख बेघर माणसं मोजली होती. हा आकडा मी चित्रपटात घालणार नाही. इथे लिहिते कारण तो वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. ती एका रात्रीची मोजणी आहे. रात्रपाळीला चौकीदारी करणारा, ज्याची खोली चार दिवसांनी सुटणार आहे, असा माणूस तिच्यात नसतोच.

दाजूंचं काम कसं गेलं ते त्यांनी आज कॅमेऱ्यासमोर सांगितलं, न विचारता. मराठी आजोबा वारले. सोसायटीत कॅमेरे बसले, एजन्सीचे गणवेशातले रखवालदार आले. दाजूंना एजन्सीत घ्यायला तयार होते, पण पत्त्याचा पुरावा हवा होता, आणि त्यांचा पत्ता म्हणजे जिन्याखालची खोली, जी कामाबरोबरच गेली. मग भाड्याची खोली, मग तीही नाही.

ऑगस्टमधल्या पुरात विश्वामित्रीचं पाणी सयाजीगंजात शिरलं तेव्हा ते एका इमारतीच्या जिन्यात वरच्या मजल्यावर बसून राहिले. पिशवी खाली राहिली. तीत नागरिकता होती, म्हणजे नेपाळचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र. 31 जुलै 1950च्या भारत-नेपाळ मैत्री कराराने दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या देशात राहायची, काम करायची मुभा आहे, व्हिसा लागत नाही. पण आपण नेपाळी आहोत हे दाखवायचं कशाने? दुसरी प्रत मिळते ती त्यांच्या जिल्ह्याच्या प्रशासन कार्यालयातून. दिल्लीपर्यंत रेल्वे, तिथून बनबसाची बस, पुलापलीकडे महेंद्रनगर, मग डोंगर. वाट त्यांना तोंडपाठ आहे. जायला भाडं लागेल, ते उभं करता येईल. पण गावात गेलं की सांगावं लागेल.

मी त्यांना आग्रह केला नाही. जाताना ते म्हणाले, "बैनी, पट मात्र मी डोक्यावर धरून वर नेला होता."

5 जानेवारी 2025

हवा होता तो डाव मिळाला. खरं तर एकाच सकाळी दोन.

पहिला इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याशी, आधुनिक नियमांनी. मुलाकडे शेवटी एक उंट आणि अगदी कडेच्या पट्टीतलं एक प्यादं, दाजूंकडे नुसता राजा. बघणाऱ्यांनी डाव संपला असं धरलं. पण ते प्यादं ज्या कोपऱ्यात वजीर होणार ते घर काळं, आणि मुलाचा उंट पांढऱ्या घरांचा. दाजूंनी राजा त्या कोपऱ्यात नेऊन बसवला. आता उंट त्याला तिथून उठवूच शकत नाही, फार रेटलं तर खेळी उरत नाही आणि डाव बरोबरीत. मुलगा बराच वेळ प्रयत्न करत राहिला, मग हसून हात पुढे केला. बुद्धिबळाच्या पुस्तकांत हा शेवट असतो. दाजूंनी तो ओटल्यावर, आजोबांविरुद्ध कधीतरी शोधलेला.

मित्र म्हणाला, हाच घे, ज्याला घर नाही त्याला कोपरा मिळाला. त्याचं बोलणं ऐकताच मला कळलं की हा डाव मुख्य म्हणून घ्यायचा नाही. ते वाक्य प्रत्येक प्रेक्षकाच्या मनात येईल आणि मग दाजूंची समज कुणाला दिसणार नाही, फक्त त्यांची अवस्था दिसेल. चाळीस सेकंद ठेवणार, कापाकापी न करता.

दुसरा डाव काकांशी, देशी. दाजूंनी नेहमीप्रमाणे प्यादी साखळीत पुढे नेली, काकांचे दोन्ही उंट कोंडले. काकांनी घाई केली नाही. आपला घोडा बळी दिला, साखळीतलं एक प्यादं बाजूला झालं, आणि त्या एका फटीतून त्यांचं प्यादं आत शिरलं. शेवटचा शह प्याद्याचा आणि तीच मात. प्यादेमात! जुन्या खेळाडूंच्या लेखी याहून मोठा विजय नाही. दाजू पटाकडे बघत राहिले आणि मग मनापासून म्हणाले, "वाह, काका. शेळीने वाघ मारला."

खेळ्यांची वही पूर्ण आहे, वरचा शॉट सलग आहे, दोन्ही आवाज स्वच्छ आहेत. हाच डाव.

काकांनाच संकोच. "माझा जिंकलेला डाव नको लावूस गं, बरं दिसत नाही." त्यांना सांगितलं की डाव तुम्ही जिंकलात म्हणून नाही, तर हरल्यावर दाजू जे बोलले त्यासाठी हवा आहे.

14 जानेवारी

उत्तरायण. गच्चीगच्चीवर स्पीकर, आवाजाचं काही काम शक्य नाही. खेळ्यांची वही आणि फुटेज जुळवत बसले.

9 फेब्रुवारी

रफ कट दाजूंना आणि काकांना काकांच्या घरी दाखवला. काकूंनी साबुदाण्याची खिचडी केली होती.

दाजूंच्या सूचना दोन. विद्यार्थी बरोबरीनंतर त्यांच्या पाठीवर थाप मारतो, तो भाग काढ. "तो माझ्याहून लहान आहे." काढला. आणि दहा रुपये घेतानाचा शॉट, जो मी संकोचून अर्धाच ठेवला होता, तो पूर्ण ठेव. "ते कमावलेले आहेत." तो पूर्ण केला, नोट खिशात जाईपर्यंत.

बाघचालीचा भाग त्यांना फार आवडला. दोनदा बघितला आणि तिसऱ्या शेळीची जागा बरोबर होती का यावर काकांशी वाद घातला.

मित्राचं मत अर्धं बदललंय. हरलेला डाव आता त्यालाही लांब वाटत नाही. सुरुवातीची दहा खेळ्यांची संथ चाल कापावी असं तो अजून म्हणतो. मी कापणार नाही. साखळी कशी बांधली गेली हे पाहिलंच नाही, तर फट पडल्याचं काहीच वाटणार नाही.

16 फेब्रुवारी

लांबी सोळा मिनिटांच्या जरा वर गेली, जाऊ दे. उपशीर्षकं मराठी, गुजराती आणि नेपाळीत करायची. नेपाळीसाठी दाजूच मदत करणार आहेत, त्या कामाची मजुरी वेगळी. देशी नियमांची ओळ अशी ठरली : 'या डावात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं.' रंगाचं काम आणि आवाजाची पातळी बाकी. महेंद्रनगरची वाट सांगतानाचं वाक्य ठेवायचं की नाही हे दाजूंनी अजून ठरवलेलं नाही. त्यांनी सांगेपर्यंत फायनल फाइल करायची नाही, कुठे पाठवायचीही नाही.